तलावासह घर, भाड्याने

माणगावला परवडणाऱ्या भाड्यात सदनिका मिळेल आणि तिच्याबरोबर पोहण्याचा तलावही मिळेल, या जाहिरातींचे आता कोणास नवल वाटत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरचे आणि कोकण रेल्वेवरचे हे तालुक्याचे गाव. ताम्हिणी घाटाने पुणेही जवळ आणलेले. तेव्हा ‘दुसरे घर’ बांधून विकणाऱ्यांची दृष्टी इकडे वळावी हे स्वाभाविकच होय. परंतु ज्याला पहिलेच घर नाही, अशा बदलीवर आलेल्या शिक्षकाने, रुग्णालयातील परिचारिकेने किंवा विळे-भागाड औद्योगिक क्षेत्रातील तरुण तंत्रज्ञाने ही जाहिरात कशी वाचावी?

फळ्यासमोर वर्षे काढलेल्या माणसाला आकडेमोड केल्यावाचून राहवत नाही. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वा मीटरहून किंचित कमी खोल असा बेताचा तलाव घेतला, तरी त्यात साठ हजार लिटर पाणी मावते. शहरात माणशी रोज 135 लिटर हे पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले, तर चौघांच्या कुटुंबाचे हे सुमारे 111 दिवसांचे पाणी झाले. तलाव रोज भरावा लागत नाही, तेच पाणी गाळून पुन्हा वापरतात, हे खरे. तथापि उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडून गेले तरी अडीचशे लिटरची भर रोज घालावी लागते. शिवाय गाळणीच्या पंपाची वीज, क्लोरीन, तलावावर नेमलेल्या माणसाचा पगार! हा सगळा खर्च देखभालीच्या आकारात चढतो आणि तेथून निमूटपणे भाड्यात उतरतो. कोकणातल्या पावसाळ्यात त्या तलावात उतरण्याची हौस कितीजणांना असते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

धो धो पावसाच्या या रायगड जिल्ह्यातच एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यातले आयपीएलचे क्रिकेट सामने राज्याबाहेर हलविण्यास सांगितले. टंचाईत आधी कोणाचे पाणी तोडावयाचे, हा प्रश्न तलाव बांधतेवेळीच विचारावयास हवा. भाडेकरूने तर तलावाकडे पाहण्यापूर्वी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहावा आणि मे महिन्यात त्यास किती वेळ पाणी असते, हे शेजाऱ्यास विचारावे.

दुसरी गोष्ट हक्काची. तलाव दाखवून घर भाड्याने द्यावयाचे आणि कुटुंब राहावयास आले की ‘तलाव सभासदांसाठी आहे’ असे ऐकवावयाचे, हा प्रकार मोठ्या शहरांतून नवा नाही. येथून जवळच महाडला 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. माणुसकीच्या त्या लढ्याशी भाडेकरूच्या किरकोळ गाऱ्हाण्याची बरोबरी करण्याचा अविचार आम्ही करणार नाही. पण पाण्याभोवती कुंपण घालण्याची आपली खोड किती चिवट आहे, हे त्यावरून आठवल्याखेरीज राहत नाही.

यावर साधा उपाय लेखी कराराचा. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी नको, हा समज सुशिक्षितांतही घट्ट बसला आहे, आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 अन्वये असा करार लेखी व नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी मालकाची असून, कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. करार नोंदलेला नसेल, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तेव्हा तलावाचा वापर, पाण्याचा आकार आणि अनामत रक्कम ही तिन्ही करारातच लिहून घ्यावीत. घर भाड्याने दिले म्हणून गृहनिर्माण संस्था मालकाकडून जो बिनभोगवटा आकार घेते, तोही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा 2001 चा आदेश आहे.

मात्र घरच मिळाले नाही तर करार कशाचा करावयाचा? 1961 साली भारतातील शहरांत शंभरातली 54 घरे भाड्याची होती. 2011 साली ती 28 वर आली, असे केंद्र सरकारच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीत नमूद आहे. त्याच पाहणीनुसार एकट्या मुंबईत सुमारे पावणेपाच लाख घरे रिकामी होती. माणगावच्या ‘दुसऱ्या घरां’ची जात हीच. शनिवार-रविवारी दिवे लागतात, एरवी कुलूप. तलावाची गाळणी मात्र रोज चालते.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिघीच्या औद्योगिक नगरीस मान्यता दिली. कामकरी माणसे या भागात येतील, त्यांना तीन-चार हजारांचा फरकही जाणवणारा असेल. नगरपंचायतीने आताच दोन कामे हाती घ्यावीत. भाड्याने देण्यास मालक तयार आहेत अशा कुलूपबंद सदनिकांची नोंदवही कार्यालयात ठेवावी, आणि दादरला शिवाजी पार्कजवळ मुंबई महापालिकेचा आहे तसा, माफक शुल्काचा एक सार्वजनिक तलाव गावासाठी बांधावा. मग भाड्याच्या घरातली मुलेही तेथे पोहावयास शिकतील, आणि त्यांच्या आईबापांस तलाव नसलेले, स्वस्त घर घेता येईल.