मागचं व्हर्जन, नाद खुळा!

कोल्हापुरात वाढदिवसाचा फ्लेक्स करायचा तर बरेचदा दोन दुकानं लागतात, एकात डिझाइन आणि दुसऱ्यात छपाई. डिझाइनवाल्याकडे कोरल ड्रॉचं नवं व्हर्जन, छपाईवाल्याकडे जुनं, आणि नव्यातली फाइल जुन्यात उघडत नाही. मग फोन येतो, "भावा, चौदाला सेव्ह करून पाठव की!" चौदा म्हणजे 2008 सालचं एक्स फोर. सेव्ह करताना व्हर्जनचा रकाना दिसतो, तिथं 14 निवडलं की झालं. अक्षरं 'कर्व्ह' केली, म्हणजे त्यांचे नुसते आकार बनवले, की समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी चालतं. फक्त मग 'आबासाहेब'चं 'दादासाहेब' टाइप करून होत नाही, म्हणून जाणकार डिझाइनर मूळ फाइल वेगळी ठेवतोच.

कोल्हापूरच्याच लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्याला मात्र ही सोय नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एकदा नव्या रिलीजमध्ये मायग्रेट झाला की जुन्यात उघडत नाही. परतीचा रस्ता एकच: अपडेटच्या आधी घेतलेला बॅकअप.

आता सगळ्यात भारी किस्सा, डेबियन लिनक्सचा. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं पॅकेज. त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 व्हर्जनमध्ये चोरवाट घातलीय, हे मार्च 2024 मध्ये उघड झालं. ती पकडली आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने, आणि कशावरून? लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय यावरून! डेबियनला जुन्या 5.4.5 वर परतायचं होतं, पण तिथली अपडेटची व्यवस्था मोठ्या आकड्यालाच नवं मानते. तेव्हा जुन्याच मालाला नाव दिलं '5.6.1+रियली5.4.5'. आकडा पुढचा, माल मागचा, आणि ते नावातच लिहिलेलं. मला तरी यापेक्षा प्रामाणिक व्हर्जन नंबर माहीत नाही.

रोलबॅक, म्हणजे असं मागं परतणं, वेळेत झाला तरी पुरतोच असं नाही. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीचं बिघडलेलं अपडेट आपल्या सकाळी 9:39 ला सुटलं आणि 78 मिनिटांत मागं घेतलं गेलं. तोवर जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले होते. बंद पडलेल्या मशीनपर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? सेफ मोडमध्ये जाऊन अपडेटमधली बिघडलेली फाइल हाताने उडवावी लागली. भारतात काही विमानप्रवाशांना तर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

लिनक्सवाल्यांची तयारी बघण्यासारखी आहे. आर्च लिनक्स उतरवलेली जुनी पॅकेजं कॅशेत जपून ठेवतं. निक्सओएसमध्ये मशीन सुरू होतानाच आधीच्या अवस्थांची यादी समोर येते, हवी ती निवडा. डेबियनच्या संग्रहात तर 2005 पासूनची पॅकेजं आहेत!

अँड्रॉइडमध्ये कंपनीनेच टाकून दिलेल्या ॲपला 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मिळतं. आयफोनचं दार फार लवकर बंद होतं: नवं आयओएस आलं की थोड्याच दिवसांत ॲपल जुन्याला मंजुरी देणं थांबवतं.

विंडोजची नवी आवृत्ती घेतली असेल तर परत फिरायला साधारणपणे 10 दिवस मिळतात. 2016 पर्यंत 30 मिळायचे. 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर जागा खातंय म्हणून आधीच उडवलं, तर तेवढेही मिळत नाहीत. तेव्हा पहिल्याच आठवड्यात टॅली, कोरल आणि प्रिंटर चालवून बघा, आणि तोवर त्या फोल्डरला हात लावू नका.