स्वॅप म्हणजे वाढीव रॅम नव्हे

भंडाऱ्यातल्या दुकानाचं संकेतस्थळ 1 जीबी रॅमच्या भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवरही चालू शकतं. रॅम संपली की लिनक्स एखादा प्रोग्रॅम, बहुधा सर्वांत जास्त रॅम खाणारा डेटाबेस, बंद पाडतं. मग स्वॅप (डिस्कवरची राखीव जागा) जोडला की रॅम वाढली, असा समज होतो. तो स्वाभाविक आहे, पण अपुरा. रॅम म्हणजे धानाचं खळं, स्वॅप म्हणजे कोठार. कोठारात धान साठवता येतं, मळायला मात्र खळ्यावरच आणावं लागतं. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद; ही ने-आण सतत चालली की सर्व्हर गोठल्यासारखा होतो. अचानक आलेला ताण झेलायला स्वॅप अवश्य ठेवा. खरा उपाय मात्र वेब सर्व्हरच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रिया आणि डेटाबेसचा बफर (माहिती हाताशी ठेवण्याची जागा) कमी करण्यात आहे.