विश्लेषण : ओबोची रीड शतांश मिलिमीटरात, मग सनईची पत्ती अंदाजाने का?

भोसरी एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये शतांश मिलिमीटर ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट आहे. ड्रॉइंगवर ०.०२चा टॉलरन्स असेल आणि जॉब ०.०३ने कमी भरला, तर तो रिजेक्ट. लग्नसराईत याच भागातल्या मंगल कार्यालयांत सनई वाजते. आता बहुतेकदा स्पीकरवरूनच. त्या सनईचा आवाज ज्या इवल्याशा पत्तीतून निघतो, तिचे गणितही शतांश मिलिमीटरातच आहे. मात्र ते वादकाच्या बोटांत आणि कानांत असते, कागदावर नाही. पाश्चात्त्य संगीतातल्या ओबो या वाद्याच्या पत्तीची, म्हणजे रीडची मापे मात्र लिहिली जातात, त्यांवर वाद होतात आणि ती गुरूकडून शिष्याकडे आकड्यांत जातात.

ओबो आणि सनई यांचे नाते काय?

दोन्ही द्विपत्ती सुषिर वाद्ये आहेत. पेटीत धातूची एक पट्टी कंप पावते. इथे दोन पात्या समोरासमोर बांधलेल्या असतात. वादकाची फुंकर त्यांच्यामधल्या बारीक फटीतून जाते, फट सेकंदाला शेकडो वेळा उघडते-मिटते आणि पुढची निमुळती नळी त्या कंपनाला सूर देते. वाद्यवृंद सुरू होण्यापूर्वी सगळे वादक ज्या एका सुराला आपली वाद्ये जुळवतात, तो ४४० हर्ट्झच्या आसपासचा सूर प्रथेप्रमाणे ओबो देतो. मुंबईत २००६ मध्ये स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलीत हा क्षण प्रत्यक्ष पाहता येतो. म्हणजे सगळ्या ताफ्याचा सूर गवताच्या दोन पात्यांवर टेकलेला असतो.

ओबोच्या रीडची मापे कोणती?

कच्चा माल म्हणजे ‘अरुंडो डोनॅक्स’ नावाचे, वेतासारखे दिसणारे पोकळ गवत. दक्षिण फ्रान्सच्या किनारपट्टीतला माल विशेष नावाजलेला. साधारण १० ते ११ मिमी व्यासाचा दांडा निवडायचा, तो उभा तीन भागांत चिरायचा, भिजवायचा आणि छोट्या यंत्रावर आतून कोरायचा. कोरल्यावर मधली जाडी ०.५८ ते ०.६० मिमी राहिली पाहिजे, कडांना त्याहून कमी. मग पट्टी साच्यात धरून आकार द्यायचा, मधोमध दुमडायची आणि साधारण ४७ मिमी लांबीच्या धातूच्या नळीवर दोऱ्याने आवळून बांधायची. दुमडलेले टोक कापले की दोन पात्या वेगळ्या होतात. तयार रीडची एकूण लांबी अमेरिकी पद्धतीत ७० मिमीच्या आसपास, युरोपीय पद्धतीत दोन-तीन मिमी जास्त.

खरी परीक्षा यानंतर, चाकूने तासताना. टोक दशांश मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ. त्यामागचा गाभा ०.४५ मिमीच्या आसपास. अमेरिकी वादक लांबवर तासतात, युरोपीय थोडक्यात आटोपतात, आणि दोघांनाही आपलीच पद्धत बरोबर वाटते. एवढे करून ही रीड चांगली वाजते ती जेमतेम १०-१५ तास. त्यामुळे व्यावसायिक ओबोवादकाचा वाजवण्याइतकाच वेळ तासण्यात जातो.

०.०१ मिमीने असा काय फरक पडतो?

पातळ पट्टी वाकण्याला किती विरोध करते, हे तिच्या जाडीच्या घनावर ठरते. टोकाची जाडी ०.१० मिमीवरून ०.०९ झाली, म्हणजे फक्त दहा टक्के घटली, तर विरोध सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो. रीड हलक्या फुंकरीला बोलू लागते. पण आणखी एक हात फिरला, तर सूर उतरतो आणि आवाज चिरका होतो. तासलेले परत भरता येत नाही. लेथवर अंडरसाइज झालेल्या जॉबचे दुःख भोसरीकरांना वेगळे सांगायला नको.

मग मापे पाळली की रीड जमते का? नाही. स्टीलच्या बारची ग्रेड ठरलेली असते, गवताची नसते. एकाच दांड्याच्या दोन तुकड्यांची घनता वेगळी निघते. म्हणून शेवटी रीड नुसतीच तोंडात धरून फुंकतात आणि कावळ्यासारखा जो आवाज येतो, त्यावरून कुठे तासायचे ते ठरवतात. मापाने निम्म्या चुका आधीच टळतात, एवढाच त्याचा उपयोग. तो लहान नाही.

सनईच्या पत्तीचे काय?

सनईची पत्तीही गवताचीच. बिहारमधले डुमराव तिथल्या नरकट गवतासाठी ओळखले जाते. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचा १९१६ मधला जन्मही तिथलाच. गवताची बारीक नळी भिजवून एका टोकाला चपटी करतात, दुसरे टोक धातूच्या लहान नळीवर बांधतात. जास्तीच्या पत्त्या आणि फट सारखी करायची सुई दोऱ्याने सनईलाच लटकवलेली असते. ती शोभा नव्हे, तो वादकाचा टूलबॉक्स आहे.

महाराष्ट्रात गुंतागुंत आणखी वाढते, कारण वाद्याची लांबीच एकसारखी नाही. सोलापूरच्या जाधव घराण्याने मैफलीत नावारूपाला आणलेली सुंदरी सनईपेक्षा बरीच आखूड आणि चढ्या सुराची. तिची पत्तीही तशीच लहान लागते. शिवाय सनईच्या जोडीला अखंड सूर धरणारा दुसरा वादक असतो. दोघांच्या पत्त्या जुळल्या नाहीत, तर सगळाच कार्यक्रम बेसूर. ही जुळवाजुळव पिढ्यान्‌पिढ्या कानाने झाली आणि उत्तम झाली. पण ती शिकायची, तर गुरूशेजारी वर्षानुवर्षे बसावे लागते. सुपारी कमी झाली की मुलगा बसत नाही, कंपनीत लागतो. वादकाबरोबर त्याचे माप जाते ते असे.

मग मायक्रोमीटर लावायचा का?

लावायला हरकत नाही, पण नेहमीचा नको. त्याचे सपाट तोंड वळलेल्या पत्तीला आतून नीट टेकत नाही आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. एका बाजूला गोल तोंड असलेला ट्यूब मायक्रोमीटर किंवा कमी दाबाचा डायल गेज हवा, नाहीतर ओले गवत चेपते आणि आकडा फसवतो. दोन पात्यांमध्ये पातळ पत्रा सरकवून एकेका पातीची जाडी टोकापासून ठरावीक अंतरांवर घ्यायची. सोबत पत्तीची लांबी, रुंदी, नळीचे दोन्ही व्यास, सनईचा मूळ स्वर आणि गवत कुठले, हे लिहायचे. भोसरीतल्या कुठल्याही इन्स्पेक्शन टेबलावर हे अर्ध्या तासाचे काम आहे. मात्र मोजण्यापूर्वी वादकाला ती पत्ती वाजवायला लावावी आणि ओली असतानाच माप घ्यावे. वाळल्यावर गवत आकसते, आणि तो आकडा कुणीच कधी न वाजवलेल्या पत्तीचा असतो.