खोडदच्या जमिनीखालची काच

पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी आणि यात्रांच्या हंगामाआधी तमाशाच्या सुपाऱ्या घेणाऱ्या राहुट्यांसाठी प्रसिद्ध. तिथून खोडदकडे वळलं की शेतांमधून ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या डोकावू लागतात. ही पुण्याच्या एनसीआरए या संस्थेची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. पोलादी तारांची हलकी जाळी ताणून बसवायची गोविंद स्वरूप यांची युक्ती होती, म्हणून एवढ्या मोठ्या तबकड्या परवडल्या. त्या कल्पकतेचं कौतुक पुष्कळ झालं आहे, आणि ते रास्तच आहे. पण जमिनीत पुरलेल्या काचेच्या तंतूंशिवाय त्या तबकड्या एकट्या-एकट्याच राहिल्या असत्या.

तबकड्या एकूण ३०. त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीने, उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या हातांवर. सगळ्यात दूरच्या दोघींत सुमारे २५ किलोमीटर अंतर. प्रत्येकीने टिपलेला संदेश खोडदच्या एका इमारतीत आणून एकमेकांशी ताडून पाहिला, तरच २५ किलोमीटर रुंद दुर्बिणीइतके बारकावे दिसतात. तांब्याच्या केबलमधून एवढ्या अंतरावर रेडिओ लहरी विरून जातात. शिवाय तांबं वाटेतला गोंगाट उचलतं आणि विजेचा धक्काही. म्हणून तबकडीजवळ त्या संदेशाने लेझरच्या प्रकाशाची तीव्रता कमी-जास्त करायची आणि तो प्रकाश काचेतून पाठवायचा, असं ठरलं. घरोघरचे फोन तांब्याच्या तारेवर चालत होते, त्या काळातला हा निर्णय.

प्रकाश काचेतच का राहतो? काचेतून हवेत जाणारा किरण स्तंभिकेपासून दूर वळतो. आपाती कोन वाढवत नेला की अपवर्तित किरण पृष्ठभागाला चिकटून जाऊ लागतो. हा क्रांतिक कोन: पाण्यासाठी सुमारे ४८.६ अंश, साध्या काचेसाठी ४२च्या आसपास, हिऱ्यासाठी जेमतेम २४. त्यापलीकडे किरण बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा आत परततो. चांदीचा आरसाही प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश गिळतो. हजारो वेळा आपटायचं असेल तर आरसा निरुपयोगी.

दहावीच्या पुस्तकात एवढं असतं. खरी गंमत पुढची. परतताना प्रकाशाचं विद्युतचुंबकीय क्षेत्र सीमेपलीकडे जेमतेम एका तरंगलांबीइतकं डोकावतंच. उघड्या काचेला तिथे धूळ किंवा बोटाचा तेलकटपणा लागला की प्रकाश गळतो. १९५४ साली नेदरलँड्सच्या व्हान हील यांनी तंतूवर कमी अपवर्तनांकाचं आवरण सुचवलं. त्याच वर्षी लंडनमध्ये हॉपकिन्स आणि मूळचे पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेऊन दाखवली. तरीही काच गढूळच होती. अशुद्धी काढली तर ती दूरसंचाराला चालेल, असं चार्ल्स काओ यांनी १९६६ साली मांडलं. नोबेल मिळायला २००९ उजाडलं.

आजच्या दूरसंचार तंतूत गाभा आणि आवरण यांच्या अपवर्तनांकांत फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. त्यामुळे क्रांतिक कोन ८५ अंशांच्या घरात जातो: किरण जवळजवळ सरळच गेला पाहिजे. तंतू फार वाकवला की ही अट मोडते. (खरं तर नऊ मायक्रॉनच्या गाभ्यात 'किरण' ही कल्पनाच तोकडी पडते, तिथे लहरींचं गणित लागतं, पण निष्कर्ष तोच.) काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर, म्हणजे १४ किलोमीटरला ७० मायक्रोसेकंद. जवळच्या तबकडीचा संदेश आधी पोहोचतो, म्हणून प्रत्येक वाटेचा उशीर मोजून भरून काढल्याशिवाय संदेश जुळत नाहीत.

नव्या रूपातल्या जीएमआरटीत एकाच तंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबींचे लेझर जातात आणि एका वेळी टिपायचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला आहे. याच दुर्बिणीने टिपलेल्या, सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या हायड्रोजनच्या संदेशाची बातमी जानेवारी २०२३मध्ये आली. पण रुंद पट्ट्यात मोबाइल टॉवर आणि टीव्हीचे संकेतही जास्त सापडतात. काच वाटेतला गोंगाट आत येऊ देत नाही. तबकडीनेच जो उचलला, तो मात्र ती तितक्याच इमानाने इमारतीपर्यंत पोहोचवते, आणि तिथे संगणकाला तो निवडून काढावा लागतो.