ॲक्रिलिक रंग: ओला पाण्याचा, वाळला की प्लास्टिकचा

शिरूर आणि दौंड तालुक्यांत रंगाचं काम बारमाही असतं. शाळांच्या बोलक्या भिंती, दुकानांच्या पाट्या, गणपतीच्या मूर्ती, दिवाळीच्या पणत्या. ॲक्रिलिक आता सगळीकडे पोचला आहे. त्याचा स्वभाव मात्र नीट माहीत नसतो. मग मेहनतीने काढलेलं चित्र वर्षभरात पोपडे धरतं, तेव्हा वाईट वाटतं.

गैरसमज १: पाण्यात कालवतात, म्हणजे हा जलरंगच.
वस्तुस्थिती: जलरंगात डिंक असतो, वाळल्यावरही ओला ब्रश फिरवला की रंग पुन्हा सुटतो. ॲक्रिलिकमध्ये प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटतात आणि रंगद्रव्याला धरून ठेवणारा सलग पापुद्रा तयार होतो. तो पाण्याने सुटत नाही. पुठ्ठ्यावर एक ठिपका लावून पाहा: ओला असताना फिका दिसणारा रंग वाळल्यावर गडद होतो, कारण दुधाळ बाइंडर (म्हणजे हेच चिकटणारे कण) आता पारदर्शक झालेला असतो. म्हणून ब्रश ओला असतानाच साफ करायचा. मे महिन्यात तर ताटलीतल्या रंगावर बघता बघता साय धरते.

गैरसमज २: हा मुलांच्या हस्तकलेचा, अलीकडचा रंग आहे.
वस्तुस्थिती: जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यांनी १९०१ मध्येच ॲक्रिलिक संयुगांवर प्रबंध लिहिला. अमेरिकेत १९४०च्या दशकात लिओनार्ड बोकूर आणि सॅम गोल्डन यांनी चित्रकारांसाठी 'मॅग्ना' आणला. तो टर्पेंटाइनने पातळ करावा लागे. पाण्यात मिसळणारा 'लिक्विटेक्स' हेन्री लेव्हिसन यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यावर काढला. डेव्हिड हॉकनी यांचं १९६७ मधलं गाजलेलं चित्र 'अ बिगर स्प्लॅश' ॲक्रिलिकमध्येच आहे. दि. प. दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या रंगांमध्येही आज ॲक्रिलिक आहे.

गैरसमज ३: बाहेरच्या भिंतीला ऑईल पेंटच टिकतो.
वस्तुस्थिती: ऑईल पेंट काळानुसार पिवळा आणि ठिसूळ होतो. चांगला ॲक्रिलिक लवचीक राहतो, ऊन सोसतो आणि भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो. पण भिंत ओलसर असेल किंवा चुन्याची भुकटी हाताला लागत असेल, तर कोणताच रंग टिकणार नाही. आधी खरवडा, धुवा, पूर्ण वाळू द्या, मग प्रायमर लावा. जुन्या चकचकीत ऑईल पेंटवर ॲक्रिलिक थेट लावू नका. पॉलिश पेपर मारूनच पुढचं काम करा. थंडीत पारा दहा अंशांखाली असेल, तर कण नीट जुळत नाहीत. ऊन वर येईपर्यंत थांबा.

गैरसमज ४: भरपूर पाणी घातलं की रंग पुरतो.
वस्तुस्थिती: पाण्याबरोबर बाइंडरही विरळ होतो. मग रंगद्रव्य खडूसारखं बोटाला लागतं. पातळ थर हवा असेल, तर ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेला बाइंडर, मिसळा.

गैरसमज ५: पाण्याचा रंग म्हणजे पर्यावरणाला निर्धोक.
वस्तुस्थिती: वास कमी येतो, एवढं खरं. पण वाळलेला थर प्लास्टिकच असतो, आणि काही रंगद्रव्यांत कॅडमियमसारखे विषारी धातू असतात. विसर्जनात मूर्तीची माती विरघळते, हा पापुद्रा विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या सूचनांमध्येही मूर्तीसाठी बिनविषारी, नैसर्गिक रंगांचा आग्रह आहे.

आपल्या भागातली घोड नदी भीमेला मिळते, आणि भीमा उजनी धरणात जाते. त्याच पाण्यावर पुढे शेतं आणि माणसं जगतात. म्हणून एवढंच करा: ब्रश आधी चिंधीने पुसा, मग बादलीत धुवा, आणि ती बादली नदीत किंवा ओढ्यात ओतू नका. गाळ खाली बसू द्या, वाळवा आणि कचऱ्यात टाका. विसर्जनाच्या मूर्तीला गेरू, हळद असे रंग द्या. ॲक्रिलिक भिंतीसाठी आणि कॅनव्हाससाठी राखून ठेवा. तिथे तो वर्षानुवर्षं साथ देईल.