यवतमाळकरांनो, बँकॉकला गेलात तर सागाचं घर बघाच!

यवतमाळहून बँकॉक वाटतं तेवढं अवघड नाही. रस्त्यानं नागपूर, तिथून मुंबई किंवा कोलकाता, पुढं थेट सुवर्णभूमी विमानतळ. पोहोचण्याआधीच्या ३ दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. ते मोफत असतं, पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा.

वाट फो मंदिरातला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध सगळेच बघतात. सागाच्या नि कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसानं मात्र जिम थॉम्पसनचं घर चुकवू नये. हा अमेरिकन दुसऱ्या महायुद्धानंतर बँकॉकमध्ये रमला, थाई रेशीम त्यानं जगभर पोहोचवलं, आणि जुनी सागवानी घरं खोलून आणून १९५९ मध्ये कालव्याकाठी पुन्हा जोडली. १९६७ मध्ये मलेशियात फिरायला गेला, तो परतलाच नाही! स्कायट्रेनच्या नॅशनल स्टेडियम स्टेशनवरून या घरापर्यंत चालत जाता येतं.

ट्रॅफिकवर उतारा म्हणजे स्कायट्रेन आणि नदीतली बोट. ‘आज राजवाडा बंद आहे’ म्हणत टुकटुकमध्ये बसवू पाहणाऱ्याला सरळ नाही म्हणा. राजवाड्यात खांदे-गुडघे झाकलेले हवेत. शाकाहाऱ्यांनी पिवळ्यावर लाल अक्षरांची ‘जे’ पाटी शोधावी. तिथं मांस-मासेच काय, कांदा-लसूणही नसतो. तिखट तेवढं वेगळं मागून घ्या.