बुडणाऱ्याची हांक ऐकूं येत नाहीं

बदनापूरचें नांव निघालें कीं डोळ्यांपुढें पाणी येत नाहीं, पाण्याची टंचाई येते. जालना जिल्ह्यांतील हा तालुका मराठवाड्याच्या अवर्षणप्रवण मुलुखांत मोडतो. अशा कोरड्या प्रदेशांत पाण्यांत बुडून मरण्याचें भय तें किती असणार, असें शहरांतील माणसास वाटणें स्वाभाविक आहे. परंतु वस्तुस्थिति निराळी आहे. जेथें पाणी कमी, तेथें तें सांठवून ठेवावें लागतें. आणि सांठवलेलें पाणी खोल असतें, घराच्या व शेताच्या अगदीं जवळ असतें, आणि त्याच्या काठीं राखणदार नसतो.

दुधना नदीवर सोमठाण्याजवळ बांधलेलें धरण, शेतोशेतीं खणलेल्या विहिरी, आणि अलीकडच्या काळांत झालेलीं शेततळीं, हीं या भागांतील सांठ्याचीं ठिकाणें. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. त्यानंतर २०१६ सालीं राज्य सरकारनें 'मागेल त्याला शेततळें' ही योजना काढली. उन्हाळ्यांत फळबाग जगवावयाची तर शेततळ्यासारखा दुसरा आधार नाहीं, हें खरें. पण पाणी जमिनींत मुरूं नये म्हणून अनेक शेततळ्यांना आंतून प्लॅस्टिकचें अस्तर घालतात. बाजू उतरत्या, प्लॅस्टिक ओलें, त्यावर शेवाळाचा थर. आंत घसरलेल्या मनुष्यास पाय रोंवण्यास जागा नाहीं व हातानें धरण्यास कांहीं नाहीं. पोहतां येणारा मनुष्यही अशा तळ्याच्या काठावर चढतां चढतां थकून जातो. जुन्या बारवांना पाण्यापर्यंत पायऱ्या असत. नव्या तळ्याला बहुधा तितकीही सोय नसते. मे महिन्याच्या सुटींत शहरांतलीं मुलें आजोळीं येतात तीं याच काठांवर खेळतात.

बुडण्याविषयीं सर्वसाधारण कल्पना नाटक-सिनेमांनीं करून दिलेली आहे. बुडणारा मनुष्य हात हालवतो, 'वांचवा, वांचवा' म्हणून ओरडतो, पाणी उडवतो, आणि काठावरचे लोक धांवून जातात. प्रत्यक्षांत असें क्वचितच घडतें. न्यूयॉर्क शहरांतील ऑर्चर्ड बीच या किनाऱ्यावर फ्रँक पिया नांवाचे जीवरक्षक होते. त्यांनीं माणसें बुडूं लागतांनाच्या व त्यांना बाहेर काढतांनाच्या प्रसंगांचें चित्रीकरण करून त्याचा बारकाईनें अभ्यास केला, आणि आपलीं निरीक्षणें १९७४ सालीं प्रसिद्ध केलीं. पोहतां न येणारा मनुष्य बुडूं लागला म्हणजे तो बहुधा ओरडत नाहीं, हात हालवून कोणास बोलावीत नाहीं, आणि हें सारें अगदीं निमूटपणें होतें, असें त्यांना आढळून आलें.

याचें कारण शरीराच्या रचनेंत आहे. श्वास घेणें हें फुप्फुसांचें पहिलें काम; बोलणें हें त्या श्वासावर चालणारें दुसरें काम. बुडणाऱ्याचें तोंड क्षणभर पाण्यावर येतें व पुन्हां खालीं जातें. तेवढ्या अवधींत श्वास सोडून नवा श्वास घेण्यासही वेळ पुरत नाहीं. मग हांक मारणार कशी? हातांचीही तीच गत. शरीर वर उचलण्यासाठीं ते आपोआप दोन्ही बाजूंस पसरतात व पाण्यावर दाब देऊं लागतात. हात उंच करून हालविणें किंवा समोर आलेला दोर पुढें होऊन पकडणें, हें त्या वेळीं त्याच्या इच्छेच्या ताब्यांत राहत नाहीं. ज्याला थोडेंबहुत पोहतां येतें तो थकल्यावर आरंभीं ओरडूं शकतो; ती हांक तर कधींच थट्टेवारी नेऊं नये. परंतु ओरडणें थांबलें म्हणजे संकट टळलें असें नव्हे. तें वाढलेलें असण्याचा संभव अधिक.

म्हणून कानांवर विसंबून न राहतां डोळ्यांनीं ओळखावयाचीं लक्षणें ठाऊक असलीं पाहिजेत. डोकें पाण्यांत खोल गेलेलें असतें व तोंड पाण्याच्या पातळीशीं असतें. मान मागें झुकलेली व तोंड उघडें. केंस कपाळावर व डोळ्यांवर आलेले असतात, पण ते मागें सारण्याचा प्रयत्न दिसत नाहीं. डोळे मिटलेले, किंवा उघडे असूनही शून्यांत लागलेले. शरीर पाण्यांत उभें. पाय मारल्याची खूण नाहीं. अदृश्य शिडी चढावी तशी हातांची हालचाल होते, पण मनुष्य जागचा हालत नाहीं. संशय आला तर 'बरा आहेस ना?' असें मोठ्यानें विचारावें. उत्तर आलें तर बहुधा चिंता नाहीं. उत्तर आलें नाहीं तर एक क्षणही दवडूं नये. मुलांच्या बाबतींत तर एक खूण फार मोलाची आहे: पाण्यांत खेळणारीं मुलें गलका करतात. गलका एकाएकीं थांबला कीं आधीं पाण्याकडे पाहावें.

ही धडपड पाण्याच्या पृष्ठभागावर साधारण २० ते ६० सेकंद चालते. त्यानंतर मनुष्य खालीं जातो. काठावर बसलेल्या मोठ्या माणसानें मोबाईलवर दोन शब्द बोलून घ्यावेत, एवढाच हा अवकाश. 'लक्ष आहे' असें म्हणणें आणि डोळे पाण्यावर असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

बुडणारा दिसतांच पुष्कळदां पहिली ऊर्मि येते ती उडी घालण्याची. ती उदात्त आहे, पण बहुधा घातक आहे. बुडणारा मनुष्य हाताशीं येईल त्याला मिठी मारून वर चढूं पाहतो. त्यांत कित्येकदां वांचवावयास गेलेलाही जातो. एका मुलापाठोपाठ त्याचा भाऊ, आणि भावापाठोपाठ बाप, अशा दुहेरी-तिहेरी मृत्यूंचें मूळ येथेंच असतें. यासाठीं क्रम ध्यानांत ठेवावा. प्रथम आरडाओरडा करून माणसें जमवावीं व कोणास तरी १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनि करावयास सांगावें. नंतर काठावर पालथें पडून काठी, फांदी, धोतर किंवा साडीचें टोंक त्याच्या हाताशीं न्यावें. तें पोंचत नसेल तर तरंगणारी वस्तु फेंकावी: झांकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, हवा भरलेली ट्यूब, तेलाचा बंद डबा, त्याला दोर बांधलेला असल्यास उत्तम. ती त्याच्या अगदीं अंगाशीं पडली पाहिजे. विहीर असेल तर विजेची मोटार आधीं बंद करावी, आणि दोरानें बांधलेली बाज किंवा शिडी खालीं सोडावी. पाण्यांत उतरणें हा शेवटचा उपाय. तोही पोहण्यांत व जीवरक्षणांत तरबेज असलेल्यानेंच, आणि बुडणाऱ्याच्या व आपल्या मध्यें तरंगणारी वस्तु धरूनच करावा.

मनुष्य बाहेर आला म्हणजे खेड्यापाड्यांतून अजूनही त्याला उलटें धरतात, गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. असें मुळींच करूं नये. पोट दाबल्यानें पोटांतील अन्न व पाणी वर येऊन श्वासनलिकेंत शिरतें, आणि मोलाचीं मिनिटें वायां जातात. बुडालेल्याचा शत्रु पाणी नव्हे, प्राणवायूचा अभाव आहे. मेंदूस कांहीं मिनिटेंच प्राणवायु मिळाला नाहीं तर त्याची कायमची हानि होऊं लागते. म्हणून त्याला उताणें निजवून श्वास पाहावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवावें. नसेल, किंवा मधूनच एखादा आचका येत असेल, तर मान किंचित् मागें करून, हनुवटी उचलून, नाक चिमटींत धरून तोंडानें तोंडांत श्वास भरावा. लहान बालकाची मान फार मागें नेऊं नये. त्याचें नाक व तोंड दोन्ही आपल्या तोंडांत धरावीं. आरंभीं असे दोन ते पांच श्वास द्यावेत. नंतर छातीच्या मध्यभागीं ३० वेळां दाब व २ श्वास, असा क्रम अखंड चालू ठेवावा. दाबाची गति मिनिटास १०० ते १२० असावी. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे, मुलाची तिच्या जाडीच्या एकतृतीयांश. तोंडाशीं फेंस आला तरी तो पुसत बसूं नये. मदत येईपर्यंत किंवा श्वास सुरू होईपर्यंत थांबूं नये. मनुष्य शुद्धीवर आला, चालूं-बोलूं लागला, तरी त्याला दवाखान्यांत नेलेंच पाहिजे; कांहीं तासांनीं श्वासाचा त्रास पुन्हां उद्भवूं शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारे ३ लाख माणसें बुडून मेलीं. त्यांत पांच वर्षांखालील बालकांचा वाटा फार मोठा आहे. एवढ्याशा बालकास बुडण्यास नदी किंवा तळें लागत नाहीं. टंचाईच्या दिवसांत घरोघरीं भरून ठेवलेलीं पिंपें, हौद आणि न्हाणीघरांतील बादलीही पुरते. डोकें जड असल्यामुळें आंत वांकलेलें मूल स्वतः वर उठूं शकत नाहीं. तेव्हां शहरांतील घरालाही हा विषय परका नाहीं.

उपाय फार खर्चाचे नाहींत. शेततळ्याभोंवतीं कुंपण व कुलुपाचें दार, आंतल्या चारी बाजूंस गांठी मारलेले दोर कायमचे सोडलेले, काठावर दोर बांधलेला एक रिकामा कॅन टांगलेला, विहिरीस कठडा, घरांतल्या पिंपावर झांकण, आणि मुलास जाणत्याच्या देखरेखीखालीं पोहणें शिकविणें. बदनापुरांतील एखाद्या शेतकऱ्यानें लाखों लिटर पाणी सांठवून बाग वांचवावी, आणि त्याच पाण्याच्या काठीं पंचवीस हात दोर नसावा, ही उणीव एका सकाळींत भरून निघण्यासारखी आहे. सुटींत मुलांना गांवीं धाडणाऱ्या आईबापांनीं निघण्यापूर्वी एवढेंच विचारून घ्यावें: तळ्यावर दोर बांधला आहे काय, आणि मुलें पाण्याकडे गेलीं तर त्यांच्यावर डोळा कोण ठेवणार आहे?